सोमवारी काच

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथ गप्प, भट्ट्या थंड,
शेजारच्या फौंड्रीची काळी वाळू दारापर्यंत पसरलेली.
उस्ताद म्हणतात, काचेचं काम सोमवारीच घ्यायचं, हादरा नको.
खरं कारण मला माहीत आहे.
गेल्या गुरुवारी पहिली काच गेली
तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती.

आवाज फार झाला नव्हता.
पापड मोडावा तेवढाच.
कोपऱ्यातून एक रेघ निघाली, जराशी थांबली,
मग तिला सगळीकडं जायचं होतं.
दस्तगीर उस्ताद साबणाचा बोळा हातात तसाच धरून उभे.
कोण तरी म्हणालं, चहा घ्या.
त्याच्यावर खेकसले.

गाडी डुक्कर फियाट. मालक नेजकर सर, ड्रॉइंगचे, रिटायर.
रंग त्यांनी स्वतः कालवून दाखवला:
सायीवर चहा सांडल्यावर होतो तो.
पत्रा आम्ही आठ महिने ठोकला.
दुसरी काच गडहिंग्लजच्या भंगारातली,
गोधडीत गुंडाळून, एसटीत गुडघ्यांमध्ये उभी धरून मी आणली.
कंडक्टर म्हणाला, कुणाचा फोटो हाय व्हय?
म्हटलं, व्हय.

आधी रबर काचेला चढवायचं,
साडीला फॉल लावावा तसं, न ताणता.
मग रबराच्या खाचेत सुती दोरी, पूर्ण फेरा,
टोकं खाली मधोमध, आतल्या अंगाला.
साबणाचं पाणी. तेल नाही, तेलानं रबर फुगतं.
उस्ताद आत, मी बाहेर.
ते दोरी ओढणार,
दोरीमागून रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटत येणार,
आणि जिथं दोरी तिथं माझा तळवा.
बुक्की नव्हे, तळवा.
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं एवढं वजन,
त्याहून जरा जास्त.

सात वर्षं हाताखाली काढली
पण इतकं समोरासमोर त्यांना कधी बघितलं नव्हतं.
दाढीत पत्र्याचा कीस.
उजव्या डोळ्यावर साय धरलेली,
कुणालाच सांगितलेलं नाही त्यांनी.
तोंड हलतं, ऐकू काही येत नाही,
मी अंदाजानं तळवा सरकवते.
खालची बाजू झाली.
डाव्या कोपऱ्यात, वळणावर, दोरी अडली.
दोघंही थांबलो.
गुरुवार येऊन मध्ये उभा राहिला.

उस्तादांनी दोरी सोडली.
दारातून हात बाहेर काढून बोट फिरवलं:
तू आत ये. मी बाहेर.

अंगठ्याला दोन वेढे.
डोळे मिटले, कारण बघून उपयोग नव्हता,
कोपरा बोटांना कळतो.
ओढली. आधी कडेनं, मग किंचित आपल्याकडं.
बाहेरून त्यांचा तळवा धप धप करत
माझ्या मागोमाग चालत आला
आणि ओठ उलटला,
गाय वासराचा कान चाटते तसल्या ओल्या आवाजात.
पुढचं सगळं उतारावर होतं.
दोरी सुटून मांडीवर पडली, तेव्हा कळलं
अंगठा निळा झालाय.

सर सायकलवरून आले, आत जाऊन बसले,
म्हणाले, मारा पाणी.
बादली मारली.
काचेपलीकडं सरांचं तोंड विरघळलं, परत जमलं.
डावीकडं, त्याच कोपऱ्यात, एक थेंब आत आला,
विचार करत करत डॅशबोर्डवर उतरला.

'परत काढतो,' उस्ताद म्हणाले.
'राहू द्या,' सर म्हणाले.
'तिथूनच यायचं. ही तिथं रुमालाची घडी ठेवायची.'
बराच वेळ हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.
मग सायकल काढली आणि गेले.

मी रबर उचलून कोपऱ्यात सीलंट भरलं.
काम ते काम.
रुमाल ठेवायचा तर ठेवू देत, कोरडा राहील.
उस्ताद हात धूत होते, पाठ माझ्याकडं.
'भरलंस?'
'भरलं.'
जवळ आले, वाकले,
आणि बघितलं नाहीच,
कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवलं.